आभासी चलनाची ‘खननयंत्रे’ : गुंतवणुकीपूर्वीचा हिशेब

सेवानिवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली की ती कोठे गुंतवावी, हा प्रश्न अनेक शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे उभा राहतो. बिटकॉइनचे ‘खनन’ करणारी यंत्रे घेऊन घरबसल्या उत्पन्न मिळवावे, असाही सल्ला अशा वेळी दिला जातो. गावात ज्यांचे मत विचारले जाते, त्यांनी या व्यवहाराचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राचे कार्य

2009 मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद सुमारे दर दहा मिनिटांनी नव्या ‘ब्लॉक’मध्ये होते. त्यासाठी जगभरची यंत्रे एक गणिती कोडे सोडविण्याची स्पर्धा करतात व जिंकणाऱ्यास नवी नाणी मिळतात. आरंभी हे बक्षीस 50 नाण्यांचे होते. सुमारे दर चार वर्षांनी ते निम्मे होत गेले आणि एप्रिल 2024 मध्ये 3.125 वर आले. शिवाय स्पर्धेतील यंत्रे वाढली की सुमारे दोन आठवड्यांनी कोडे अधिक कठीण होते. यंत्र तेच राहते. त्याचा वाटा मात्र घटत जातो.

हिशेबाची रीत

सेकंदाला 100 लाख कोटी गणने करणारे यंत्र सुमारे 3,000 वॅट वीज घेते. अहोरात्र चालल्यास तीस दिवसांत 2,160 युनिट लागतात. युनिटला 8 रुपये दर धरल्यास बिल 17,280 रुपये होते. 2025 मध्ये जगातील एकूण गणनशक्ती अशा सुमारे एक कोटी यंत्रांइतकी झाली. त्या प्रमाणात, दररोजच्या 450 नाण्यांतून एका यंत्राच्या वाट्याला महिन्याला 0.00135 नाणे येते. नाण्याचा भाव 80 लाख रुपये धरला, तर उत्पन्न 10,800 रुपये. केवळ वीजबिल भागण्यासाठीच भाव 1 कोटी 28 लाख असावा लागेल. यंत्राची किंमत, शीतकरण व दुरुस्ती यांचा खर्च निराळाच. दर व भाव बदलत राहतात. म्हणून आकड्यांपेक्षा रीत ध्यानात ठेवावी. भाव चढला तरी त्याच आशेने इतरही यंत्रे लावतात आणि वाटा पुन्हा आक्रसतो.

कर आणि फसवणूक

2022 च्या वित्त अधिनियमाने आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर 30 टक्के कर बसविला. खननाच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा होणार नाही, असे केंद्र शासनाने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले. परिणामी, प्रत्यक्षात तोटा असूनही कर भरण्याची वेळ येऊ शकते.

‘यंत्र आमच्याकडे ठेवा, परतावा आम्ही देऊ’ असे सांगणाऱ्यांपासून विशेष सावध राहावे. 2018 मध्ये पुणे पोलिसांच्या तपासात आलेल्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेत खननाच्या नावाखाली 18 महिने दरमहा 10 टक्के परताव्याचे आमिष दाखविले होते. ज्या धंद्यात वाटा दर पंधरवड्याला बदलतो, तेथे ठराविक परताव्याची हमी मुळातच संभवत नाही.

सारांश, विजेचा दर, यंत्राचा वाटा आणि कर या तीन बाबी प्रथम कागदावर मांडाव्यात. बिटकॉइनचे यंत्र दुसऱ्या कोणत्याही कामी येत नाही. म्हणून संपूर्ण रक्कम बुडाली तरी औषधपाणी व मुलांचे शिक्षण अडणार नाही, असे ज्यास खात्रीने म्हणता येईल, त्यानेच पुढचा विचार करावा.