दगडातील लेख आणि दूरची नोंदवही

कार्ले येथील चैत्यगृहात एक दानलेख आहे. नहपानाचा जावई उषवदात याने करजिक हे गाव वलूरक लेण्यांतील भिक्षूंच्या निर्वाहासाठी दिल्याची नोंद त्यात कोरली आहे. ती वाचायची तर डोंगर चढावा लागतो. आज मावळातील खातेदार लोणावळ्यात बसून आपला सातबारा मोबाइलवर पाहतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही राज्यात मिळू लागला. नोंद मात्र मोबाइलमध्ये नसते. ती दूरच्या डेटाबेस सर्व्हरवर असते.

ही जोडणी कशी होते, हे आम्ही वर्गात असे समजावतो. सर्व्हरला पत्ता असतो आणि दारही असते; त्या दाराला पोर्ट म्हणतात. पोस्टग्रेस या डेटाबेसचे रूढ पोर्ट ५४३२. हे दार साऱ्या इंटरनेटला उघडे ठेवणे धोक्याचे. म्हणून सुरक्षित रचनेत मध्ये आणखी एक सर्व्हर असतो. तो आपली मागणी कूटबद्ध मार्गाने घेतो, तपासतो आणि मगच डेटाबेसकडून उत्तर आणून देतो.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. वाचण्याचा अधिकार अनेकांना, लिहिण्याचा मोजक्यांना. फेरफार तलाठी नोंदवतो, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो.

ज्या समाजाला शतकानुशतके नोंदवही वाचू दिली गेली नाही, त्याने वाचण्याचा हा अधिकार वापरलाच पाहिजे. माजी विद्यार्थ्यांनी आईवडिलांचा उतारा उघडून नाव व क्षेत्र पडताळावे. चूक दिसल्यास लेखी अर्ज करावा. पासवर्ड आणि ओटीपी मात्र कोणाच्याही हाती देऊ नयेत.