दूध दाटतं ते घरी आल्यावर

दवाखान्यात सगळं ठीक असतं. नर्सबाई हाकेच्या अंतरावर असतात, बाळ चिकाचं दूध ओढत असतं आणि साधारण ४८ तासांनी सुट्टी होते. पण भरभरून दूध उतरतं ते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. तोवर बाळंतीण घरी पोचलेली असते आणि विचारायला जवळ कोणी नसतं.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, वडनेर भोलजीला होते. घरी आले त्याच रात्री छाती काखेपर्यंत ताठली. कातडी चकाकत होती, पदराचाही स्पर्श सोसवेना. बोंडाभोवतीचा काळा भाग इतका टणक झाला की बाळाला तो तोंडात धरताच येईना. मग घरात जमलेल्या बाया आपापल्या परीने सांगू लागल्या. "पानी कमी पे, दूध आपोआप आटते." "फडक्यानं घट्ट बांधून टाक." एकीने तेल लावून गाठी रगडायला घेतल्या, एकीने लेकरासाठी डब्याचं दूध कालवलं. माझ्यासाठी रात्रभर जागलेल्या या बायांच्या मायेला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण यातल्या कशानेही आराम पडत नाही, उलट बहुतेक उपायांनी दुखणं वाढतं.

दाटलेल्या छातीत नुसतं दूध नसतं. त्या दिवसांत तिथला रक्तपुरवठा वाढतो, आतल्या भागात पाणी धरतं, सूज येते. रगडलं की सूज वाढते, घट्ट बांधलं की दूध कोंडतं. आणि दूध साचून राहिलं की शरीर ते बनवणंच कमी करतं. पुढे महिनाभराने त्याच बाईला "हिले दूधच नाही" असं ऐकावं लागतं, याचा मला आजही संताप येतो.

सकाळी आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांना घरोघरी जपलं. ते काम १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ पासून ही पद्धत देशभर आली. तिसऱ्या दिवसाची भेट आपल्यासाठी नेमक्या वेळी येते. आशाताई बाळाचं वजन करून निघाल्या तर त्यांना थांबवा, दार लोटून घ्या आणि स्वतःची छाती दाखवा.

ताईंनी हात धुवायला लावले. बोटांची टोकं बोंडाच्या मुळाशी सभोवार ठेवून आत, छातीच्या दिशेने, हलकेच मिनिटभर दाबून धरायला सांगितली. सूज मागे सरली. मग काळ्या भागाच्या कडेला अंगठा आणि बोटं ठेवून थोडं दूध हाताने काढलं. तो भाग मऊ पडला आणि बाळाने मोठा आ करून छाती धरली. त्याचं घुटुक-घुटुक गिळणं ऐकून माझी माय रडायला लागली.

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं, बाळ झोपलं असेल तर उठवून. पाजण्याच्या अगदी आधी कोमट ओलं फडकं दोन-चार मिनिटं, आणि पाजून झाल्यावर गार फडकं दहा-पंधरा मिनिटं. बाळंतिणीला गार लावायचं म्हटल्यावर आजी हबकलीच. पण त्याने सूज उतरते आणि बाळाला सर्दी होत नाही. निखाऱ्याचा शेक मात्र नकोच, ताणलेली कातडी पटकन भाजते. दुखण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. आराम पडेल एवढंच दूध काढा, पूर्ण रिकामं करत बसलात तर ते आणखी येतं.

एका बाजूला लाल, गरम चट्टा उठला, थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आलं, तर नांदुरा-मलकापूर जिकडे जमेल तिकडे त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दुर्लक्ष केलं तर आत पू होऊन गळू होतं. अशा वेळीही पाजणं बंद करायचं नसतं. ते दूध नासलेलं नसतं, आणि औषधं पाजणाऱ्या आईला चालणारीच देतात, फक्त बाळाला पाजते आहे हे सांगायला विसरू नका.

एक गोष्ट कोणी बोलत नाही. जिचं बाळ राहिलं नाही, तिलाही दूध उतरतं आणि दाटतं. त्या माऊलीला हे आधी सांगून ठेवायला हवं. तिने सैल आधाराचा कपडा घालावा, गार फडकं ठेवावं आणि ताण हलका होईल इतकंच दूध काढावं, म्हणजे ते हळूहळू आटतं. तिच्याजवळ बसा. बाळ नवजात कक्षात ठेवलेलं असेल तर मात्र दर दोन-तीन तासांनी दूध काढून तिथे पोचवायचं. तेच त्याचं औषध असतं.

पुढे कापूस वेचायला जाऊ लागल्यावर दुपारी छाती पुन्हा भरून येते. बांधावर आडोसा पाहून थोडं दूध काढून टाका. आणि दुपारची भाकर घेऊन येणारं कोणी असेल, तर लेकरालाही सोबत आणायला सांगा.