वेदना पडद्यावर पाहताना

मयूर विहारात राहणारा, वर्षानुवर्षे पाठदुखीने त्रासलेला एखादा रुग्ण यमुना ओलांडून दिल्लीतील मोठ्या रुग्णालयात जातो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा एमआरआयचा लिफाफा असतो. त्या चित्रांत मणके दिसतात, मणक्यांमधील चकत्या दिसतात. दुखणे मात्र दिसत नाही. कित्येकदा विशेष दोषही आढळत नाही आणि घरची माणसे त्याच्या तक्रारीविषयी साशंक होतात. हा त्याच्यावर अन्यायच होय. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली वेदना मूळ इजा भरून आल्यावरही उरू शकते, कारण वेदनेची जाणीव अखेर मेंदूत घडते.

मज्जारज्जूत वेदनेचे संदेश अडविले वा पुढे सोडले जातात आणि त्यावर मेंदूचाही अंमल चालतो, असा सिद्धान्त मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडला. हा अंमल रुग्णाला जाणूनबुजून चालविता येईल काय? त्यासाठी प्रथम मेंदूचे कार्य दिसावयास हवे होते.

मेंदूचा एखादा भाग कामास लागला की तेथील रक्तप्रवाह वाढतो. रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार चुंबकीय संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखविले. याच तत्त्वावर कार्यदर्शी एमआरआय उभे आहे. पुढे संगणक वेगवान झाले आणि व्यक्ती यंत्रात असतानाच तिच्या मेंदूतील बदल तिला दाखविणे शक्य झाले. रक्तप्रवाह मागाहून वाढत असल्याने चित्र मात्र काही सेकंद उशिराचे असते.

२००५ साली अमेरिकेत ख्रिस्तोफर डीचार्म्स, शॉन मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. मेंदूच्या दोन अर्धांमधील फटीलगत, पुढच्या बाजूस असलेला अँटिरियर सिंग्युलेट हा भाग त्यांनी निवडला. वेदना नकोशी वाटण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. यंत्रात निजलेल्या व्यक्तीस पडद्यावर ज्वाळा दिसे; त्या भागाचे कार्य वाढले की ज्वाळा मोठी होई, घटले की लहान. लक्ष वेदनेकडे न्यावे वा तिच्यापासून काढून घ्यावे, तिला निव्वळ संवेदना मानावे, असे मार्ग सुचविले जात. कोणता उपाय लागू पडतो हे ज्वाळेकडे पाहूनच कळे. निरोगी व्यक्तींना तळहातावर दिलेल्या उष्णतेची तीव्रता कमी-अधिक भासू लागली. आठ दीर्घकालीन रुग्णांनीही वेदना घटल्याचे सांगितले.

परंतु अशा भव्य यंत्रात शिरलेल्या माणसाला केवळ विश्वासानेही आराम पडू शकतो. म्हणून काही निरोगी व्यक्तींना दुसऱ्याच्याच मेंदूचे संकेत दाखविण्यात आले, काहींना मेंदूच्या भलत्याच भागाचे. त्यांना तसा ताबा साधला नाही. रुग्णांची तुलना मात्र नाडी, श्वास इत्यादींवरून शिकविलेल्या चौघांशीच झाली, आणि येथेच हा पुरावा तोकडा पडतो. नागिणीनंतर उरणाऱ्या वेदनेच्या रुग्णांवर चीनमध्ये झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही खऱ्या संकेतांचा गुण दिसला, परंतु तीही लहानच होती.

ही पद्धती अद्याप नित्याचा उपचार झालेली नाही. यंत्र महाग, त्याचा प्रत्येक तास मोलाचा. शिवाय पाठदुखीच्या रुग्णाला यंत्रात दीर्घकाळ निश्चल पडून राहणे हेच कष्टाचे. आणि घरी परतल्यावर, समोर ज्वाळा नसताना, तीच युक्ती त्याला साधली पाहिजे.