रस्ट भाषेंतील नवे फेरफार

सन १९४५ मध्यें आमच्या अमळनेरांत स्थापन झालेली वनस्पति तुपाची कंपनी पुढें ‘विप्रो’ या नांवानें संगणकाच्या व्यवसायांत शिरली. तेव्हां या विद्येंतील एक प्रश्न येथें मांडणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आपण लिहिलेल्या आज्ञावलीचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा तो कंपायलर. व इतरांनीं रचलेल्या आज्ञावल्या मागवून त्यांच्या योग्य आवृत्त्या जुळविणारा तो पॅकेज मॅनेजर. रस्ट भाषेंत यास ‘कार्गो’ म्हणतात.

भाषा सुधारली म्हणजे जुनें लिखाण फुकट जातें काय? रस्टची १.० आवृत्ति मे २०१५ मध्यें निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्यें १.८५ आवृत्तीबरोबर ‘२०२४ एडिशन’ आली. परंतु तिचे नियम जो मागेल त्यासच लागू. जुनें लिखाण नवा कंपायलर जुन्याच नियमांनीं वाचतो, आणि दोन्ही एकत्र नांदतात.

दुसरी अडचण अशी कीं, पूर्वीं कार्गो नव्यांतलें नवें आणी, व तें जुन्या कंपायलरास पचत नसे. जानेवारी २०२५ च्या १.८४ आवृत्तीपासून यावर तोड निघाली. आपली आज्ञावली कोणत्या जुन्या कंपायलरावर चालावी हें लिहून ठेवून कार्गोस तशी आज्ञा केली, तर तो शक्यतों त्यास झेपतील अशाच आवृत्त्या निवडतो. २०२४ एडिशनमध्यें हीच रीत आपोआप लागू होते.

विद्यार्थ्यांनीं ही नोंद करण्याची संवय आरंभापासूनच लावावी. कारण आपलें लिखाण ज्याच्या हातीं जाईल, त्याचें साधन आपल्याइतकें नवें असेलच असें नाहीं.