मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार : व्याप्ती कशी मोजतात?

वैद्यमित्रहो, प्रमेहाचे वीस प्रकार, त्यांतील दहा कफज, सहा पित्तज व चार वातज, हे आपण पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ म्हणत आलो आहोत. त्याचे उपद्रवही आपणांस मुखोद्गत असतात : तृष्णा, दाह, दौर्बल्य, पिडका, विद्रधी. मात्र उपद्रवांच्या या प्रसिद्ध याद्यांत दृष्टिनाशाचा स्पष्ट निर्देश नाही. तिमिर, काच आणि लिंगनाश यांचे सविस्तर वर्णन सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात दृष्टिगत रोगांच्या प्रकरणी केले आहे. प्रमेहाशी त्यांची सांगड घालण्याचे काम वैद्याने स्वतः करावयाचे असते. ते न केल्यास काय होते याचा अनुभव मी घेतला आहे.

कोपरखैरणे येथे राहणारे व वाशीच्या बाजार समितीत माथाडी काम करणारे एक गृहस्थ दहा वर्षे माझ्याकडे मधुमेहासाठी येत असत. त्यांचा आहार, वजन, उपाशीपोटीची व जेवणानंतरची शर्करा यांच्या नोंदी माझ्या वहीत व्यवस्थित आहेत. एके दिवशी डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात अशी तक्रार त्यांनी केली. मी त्यास तिमिराची आरंभावस्था समजून त्रिफळा घृत दिले आणि तर्पणाचा सल्ला दिला. तीन आठवड्यांनी उजव्या डोळ्यापुढे एकाएकी पडदा आला. नेत्रतज्ज्ञांनी बाहुली विस्फारून तपासले तेव्हा दृष्टिपटलावर नवीन दुर्बळ रक्तवाहिन्या वाढल्या होत्या आणि त्यांतून रक्तस्राव झालेला होता. डावा डोळा लेसरने वाचला, उजव्याची दृष्टी परतली नाही. त्या दहा वर्षांत मी त्यांना एकदाही दृष्टिपटल तपासणीसाठी पाठविले नव्हते, कारण डोळ्यांची तक्रार नव्हती. या विकाराची आरंभीची अवस्था तक्रारीशिवायच जाते, ही गोष्ट मला तेव्हा माहीत होती. पण ती वहीत उतरली नव्हती.

असे रुग्ण आपल्या परिसरात किती असावेत, हा प्रश्न त्यानंतर मनात आला. त्याचे उत्तर ज्या राशीने देतात तिला व्याप्ती म्हणतात. एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट लोकसमूहात, शेकडा किती जणांना रोग आहे, एवढाच तिचा अर्थ. नव्याने रोग होणाऱ्यांचा दर ही निराळी राशी आहे, तिची येथे गल्लत करू नये. व्याप्ती हा साधा अपूर्णांक आहे. अंशस्थानी रोगी येतात हे सर्वांस ठाऊक असते. चूक बहुधा छेदात होते.

चेन्नईची दोन उदाहरणे पाहावीत. तेथील एका मधुमेह केंद्रात येणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासात, १९९६ मध्ये, दृष्टिपटलविकार सुमारे ३४ टक्के आढळला. त्याच शहरातील क्युअर्स या सर्वेक्षणात घरोघरच्या लोकसंख्येतून मधुमेही निवडले गेले; त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रमाण निघाले १७.६ टक्के. नऊ वर्षांत रोग निम्मा झाला असे कोणी समजू नये. केंद्रात येतो तो जुना, त्रासलेला, कोणीतरी पाठविलेला रुग्ण. घरात आढळतो तो सर्व प्रकारचा. क्युअर्समध्येच मधुमेह आधीपासून माहीत असलेल्यांत प्रमाण २०.८ टक्के होते आणि सर्वेक्षणातच मधुमेह प्रथम कळलेल्यांत ५.१ टक्के. हा दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. ज्यांना आपणांस मधुमेह आहे हेच ठाऊक नव्हते, अशा वीसांतील एकाचे दृष्टिपटल तोवर बिघडलेले होते.

नवी मुंबईच्या वैद्यास अधिक जवळचा अभ्यास म्हणजे खाडीपलीकडील मुंबईचा. वडाळ्याच्या आदित्य ज्योत संस्थेने, डॉ. एस. नटराजन व सहकाऱ्यांनी, मुंबईच्या सात विभागांतील झोपडवस्त्यांत चाळीस वर्षे व त्यावरील ६५६९ व्यक्तींची तपासणी केली. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. ज्यांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आढळला त्या सर्वांच्या बाहुल्या विस्फारून दृष्टिपटलाच्या सात भागांची छायाचित्रे घेण्यात आली. मधुमेहींत विकाराची व्याप्ती १५.३७ टक्के निघाली आणि एकूण वस्तीत १.४१ टक्के. दोन्ही आकडे खरेच आहेत, फक्त छेद बदलला आहे. दुसऱ्यास पहिल्याने भागल्यास ढोबळमानाने ९ टक्के येतात. चाळिशीपुढील वस्तीत मधुमेहींचे प्रमाण साधारण तेवढे होते असे त्यावरून कळते. मधुमेहास अकरा वा अधिक वर्षे झालेल्यांत विकाराशी असलेला संबंध फार ठळक दिसला.

याच अभ्यासातील विश्वास्यता अंतराल वाचण्याची सवय आपण लावून घ्यावी. १५.३७ ही मध्यवर्ती किंमत. तिचे अंतराल ८.८७ ते २१.८७ असे दिले आहे. एवढे रुंद का? समजा, आपणांस व्याप्ती १५ टक्के अपेक्षित आहे आणि उत्तर तीन टक्क्यांच्या फरकाच्या आत हवे आहे. तर साध्या यादृच्छिक निवडीत सुमारे ५४४ मधुमेही तपासावे लागतात. अकरांत एक मधुमेही धरला, तर तेवढे मिळविण्यास जवळजवळ सहा हजार माणसांची रक्ततपासणी आवश्यक ठरते. तरीही, माणसे एकेकटी न निवडता वस्त्यांच्या गटांनी निवडली, तर शेजारी राहणाऱ्यांचे खाणेपिणे, काम व औषधोपचार सारखे असल्याने प्रत्येक माणसागणिक मिळणारी नवी माहिती कमी होते व अंतराल वाढते. मोठे सर्वेक्षण म्हणजे नेमके सर्वेक्षण, असा समज म्हणूनच टिकत नाही.

तपासण्याच्या पद्धतीनेही आकडा हलतो. बाहुली न विस्फारता घेतलेल्या एकाच छायाचित्रात दृष्टिपटलाच्या कडेचे विकार सुटतात. वयाची मर्यादाही पाहावी : २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात १६.९ टक्के प्रमाण आढळले, पण ते पन्नाशीपुढील मधुमेहींचे आहे. त्याची तुलना चाळिशीपासूनच्या आकड्याशी सरळ करता येत नाही. शिबिरांचे आकडे तर वृत्तपत्रांत छापण्यापुरतेच उपयोगी. ज्याला धूसर दिसते तोच शिबिरास येतो, आणि दिवसाची मजुरी बुडेल म्हणून तुर्भे स्टोअर वा दिघ्याचा कामगार येत नाही. न येणाऱ्यांचे दृष्टिपटल येणाऱ्यांपेक्षा निराळे असू शकते. मुंबईच्या अभ्यासात प्रतिसाद ९८.४ टक्के होता, त्याचे मोल यासाठीच.

आपल्या चिकित्सालयातील वहीवरून नवी मुंबईची व्याप्ती काढता येणार नाही, कारण आपले रुग्ण हेही स्वतःहून आलेले. परंतु एक अपूर्णांक आपण निश्चित काढू शकतो. छेद : माझ्याकडील सर्व मधुमेही. अंश : त्यांतील ज्यांची बाहुली विस्फारून तपासणी गेल्या वर्षभरात झाली ते. माझा हा अपूर्णांक मी प्रथम काढला तेव्हा तो येथे लिहिण्याजोगा नव्हता. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच आणि पहिल्या प्रकारात पाच वर्षांनी ही तपासणी सुरू करावी, पुढे सामान्यतः दरवर्षी, आणि मधुमेही स्त्री गर्भवती असल्यास आरंभीच. घृतपान, तर्पण, रसायन यांचा विचार नेत्रतज्ज्ञांचा अहवाल हाती आल्यावर करावा. लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शन सांगितले असल्यास त्यास आपल्या औषधाने विलंब होऊ देऊ नये.

माझ्या वहीत आता शर्करेच्या रकान्याशेजारी चार रकाने आहेत : मधुमेह कळल्याचे वर्ष, शेवटच्या दृष्टिपटल तपासणीची तारीख, दोन्ही डोळ्यांचा निष्कर्ष आणि पुढील तारीख. दुसरा रकाना रिकामा असेल तर औषधाच्या चिठ्ठीसोबत नेत्रतज्ज्ञांच्या नावे पत्र जाते. पत्र घेऊनही न गेलेल्या रुग्णाच्या नावापुढे मी तांबड्या शाईने खूण करतो आणि पुढील भेटीस नाडी पाहण्यापूर्वी तेच विचारतो.