राखणीची बंदूक घेण्यापूर्वी



प्लॉट पाहणीला आलो की बांधावर एकच प्रश्न येतो, "साहेब, डुकरांनी ऊस पार लोळवला. बंदूक घेऊ का?" नुकसान खरे आहे. पण पहिल्यांदाच बंदूक घेणाराने पुढील गोष्टी आधी पक्क्या कराव्यात.

१) परवाना : शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत करावा. वय २१ पुरे हवे. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षेचे शिक्षणही घ्यावे लागते. ते टाळू नका. परवाना ज्याच्या नावे, बंदूक त्याच्याच हाती. शेजाऱ्याला एका रात्रीपुरतीही देऊ नये.

२) परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे : रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मारण्यास वन खात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.

३) घरात : बंदूक कुलपात, दारू व छरे दुसऱ्या कुलपात, किल्ली स्वतःजवळ. ठासलेली बंदूक घरात आणू नये. ठासलेला बार काढणे सोपे नसते, म्हणून ठासायची ती शेतावरच.

४) हाताळताना : बंदूक भरलेलीच आहे असे समजून चालावे. नळी माणसाकडे कधी नको. बार होईतो बोट घोड्यावर नको. बार उडाला नाही तर नळीत डोकावू नये. तोंड मोकळ्या रानाकडे धरून एक-दोन मिनिटे थांबावे.

५) लग्नाच्या वरातीत बार काढू नये. २०१९ च्या दुरुस्तीने, जिवाला धोका होईल असा बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता मुख्य मुद्दा. मागे एका सभासदाबरोबर रात्री बांधावर बसलो होतो. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला. पाचट वाजले, त्यांनी बंदूक रोखली. तेवढ्यात सरीतून खोकला आला. त्यांचाच धाकटा भाऊ दारे मोडायला गेला होता! बंदूक खाली ठेवताना त्यांचे हात थरथरत होते. तो खोकला आला नसता तर?

रात्रीची लाइट आली की पाण्याला माणूस उसात असतो. हंगामात तोडणीची बायामाणसे पहाटेच फडात शिरतात, त्यांची पोरे कोपीबाहेर खेळतात. म्हणून पाचट हलले म्हणजे डुक्कर, असे धरू नये. जनावर डोळ्यांनी पुरते दिसल्याशिवाय आणि त्यामागे कोण आहे हे कळल्याशिवाय घोडा ओढायचा नाही.

एवढा धीर नसेल तर बंदूक घेऊ नये. आळीपाळीने राखण करा, डबे वाजवा, कुंपण घाला. तारेत वीज मात्र सोडू नका. लोळलेला ऊस पुढच्या साली पुन्हा उभा राहील, माणूस नाही.

ऊस विकास अधिकारी