बर्फाखालची वाट

सन १८८४ च्या एप्रिल महिन्याची २२ तारीख होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरातून टॉमस स्टीव्हन्स नावाचा एकोणतीस वर्षांचा एक तरुण सायकलीवरून पूर्वेकडे निघाला. तो जन्माने इंग्रज होता व तरुणपणी अमेरिकेत येऊन राहिला होता. पूर्व किनाऱ्यावरील बॉस्टन शहर गाठावयाचे, असा त्याचा निश्चय होता. वाट सुमारे ३,७०० मैलांची होती आणि सोबतीला कोणीही नव्हते. तोपर्यंत सायकलीवरून हा देश कोणीच ओलांडला नव्हता.

त्याची सायकल आज आपण पाहतो तशी नव्हती. तिचे पुढचे चाक ५० इंच व्यासाचे, म्हणजे तुमच्या खांद्याला लागेल इतके उंच होते. मागचे चाक मात्र अगदी लहान होते. तिला साखळी नव्हती. पायडले पुढच्या चाकालाच जोडलेली होती. चाकांवर भरीव रबराची धाव असल्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा हिसका अंगाला बसे. पुढचे चाक एखाद्या दगडाला अडले, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाई.

स्टीव्हन्सचे सामानही थोडकेच होते : पायमोजे, एक जादा सदरा, एक लहान पिस्तूल आणि एक पावसाळी अंगरखा. हा अंगरखा दिवसा पाऊस अडवी आणि रात्री तंबूचे व अंथरुणाचेही काम करी.

आरंभीचा प्रवास कॅलिफोर्नियाच्या सपाट खोऱ्यातून झाला. पुढे सिएरा नेव्हाडा ही उत्तुंग पर्वतरांग आडवी आली. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे या रांगेला अडून वर चढतात, वर जाता जाता थंड होतात आणि हिवाळ्यात आपल्याजवळचे पाणी बर्फाच्या रूपाने तेथे टाकतात. आपल्या सह्याद्रीवर पावसाळी वारे धो धो पाऊस पाडतात, त्याचेही कारण हेच. म्हणून एप्रिलच्या अखेरीस या पर्वताच्या पायथ्याशी हिरवे गवत आणि रानफुले दिसतात, तर माथ्यावर हिवाळा अद्याप ठाण मांडून बसलेला असतो. घाट चढणाऱ्या प्रवाशाला थोड्याच अवधीत दोन ऋतू भेटतात.

स्टीव्हन्सलाही ते भेटले. पायथ्याचा वसंत मागे पडला, हवा अधिकाधिक गार होत गेली आणि अखेर घाटातील गाडीरस्ता खोल बर्फाखाली दिसेनासा झाला. सायकल चालविणे तर दूरच, त्या रस्त्याने पायी जाणेही अशक्य होते.

आता काय करावे? मागे फिरून बर्फ वितळण्याची वाट पाहावी, तर कित्येक दिवस फुकट जाणार. पुढे जावे, तर रस्ता नाही. परंतु एक मार्ग उघडा होता. १८६९ साली पुरा झालेला लोहमार्ग याच घाटातून जात होता. रूळ बर्फाखाली गाडले जाऊ नयेत म्हणून त्यांवर मजबूत लाकडी छपरे बांधलेली होती. ही छपरे जवळजवळ ४० मैलांपर्यंत पसरली होती. स्टीव्हन्स सायकलीवरून उतरला, तिचे हँडल हाती धरले आणि त्या अंधाऱ्या वाटेत शिरला.

आत काळोख होता. इंजिनांचा धूर छपराखाली कोंडून राही. पायांखाली रूळ व लाकडी स्लीपर असल्यामुळे सायकल ढकलीत नेणेही कष्टाचे होते. डोळ्यांना फारसे दिसत नसल्याने त्याला कानांवर भिस्त ठेवावी लागे. दुरून गडगडाट ऐकू आला, की तो लगेच कडेला होई, सायकल अंगाशी घट्ट धरी आणि भिंतीला चिकटून उभा राही. गाडी धडधडत निघून गेली, की तो पुन्हा चालू लागे. मधूनच छपराला एखादे उघडे ठिकाण येई. तेथून बर्फाने झाकलेली दरी क्षणभर दिसे आणि पुन्हा अंधार सुरू होई. लोहमार्गावरून असे चालणे धोक्याचे आहे आणि आज ते कायद्याविरुद्धही आहे. स्टीव्हन्सला त्या धोक्याची पुरती जाणीव होती. म्हणूनच तो प्रत्येक पाऊल सावधपणे टाकीत होता.

अशा रीतीने सुमारे ७,००० फूट उंचीवरील माथा त्याने गाठला. तेथून वाट उतरणीला लागली. पर्वतापलीकडे त्याला पुन्हा निराळे हवामान भेटले. पर्वताने वाऱ्यांतील पाणी आधीच काढून घेतल्यामुळे तिकडे नेव्हाडाचा कोरडा, रखरखीत प्रदेश पसरलेला होता.

४ ऑगस्ट १८८४ रोजी स्टीव्हन्स बॉस्टनला पोहोचला. या प्रवासाचा हिशेब मोठा उद्बोधक आहे. त्याने प्रत्यक्ष वाटचाल केली ती साडेत्र्याऐंशी दिवस. वीस दिवस पाऊस व इतर अडचणींमुळे त्याला थांबून राहावे लागले. शिवाय एकतृतीयांशाहून अधिक वाट तो सायकलीवर बसून नव्हे, तर पायी चालून गेला होता! पुढे त्याने युरोप व आशिया खंडांतूनही प्रवास केला. १८८६ च्या पावसाळ्यात तो लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने आला आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला जपानमधील योकोहामा येथे त्याची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली.

ऊन, पाऊस आणि बर्फ यांवर स्टीव्हन्सची सत्ता नव्हती. त्यांच्याशी त्याने हट्टही केला नाही. रस्ता चांगला असेल तेथे तो सायकलीवर बसला, बिकट असेल तेथे उतरून चालला आणि पाऊस अनावर झाला तेव्हा थांबला. मात्र थांबला तरी बॉस्टनची दिशा त्याने सोडली नाही. कधी सायकलीने त्याला वाहून नेले, तर कधी त्याने सायकलीला नेले. परंतु दोघेही मुक्कामाला पोहोचले.

स्वाध्याय

१. स्टीव्हन्सचा पावसाळी अंगरखा कोणकोणत्या कामी येई?
२. सिएरा नेव्हाडा पर्वताच्या दोन बाजूंच्या हवामानात फरक का पडतो?
३. ‘कधी त्याने सायकलीला नेले’ या वाक्याचा अर्थ पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यात उपयोग करा : ठाण मांडून बसणे, भिस्त ठेवणे.